झटक्याचं पाच नंबरचं चित्र

आमच्या खेळातून झटक्याला काढून टाकायचं, हे सोमवारी सकाळी साडेदहाला ठरलं आणि मला कळलं पावणेबाराला. मधला सव्वा तास सगळं ऑफिस माझ्यासमोर चहा पीत होतं, पण एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. सगळं ऑफिस म्हणजे तरी कोण? बुटांच्या दुकानावरच्या तीन खोल्या, आमचे मालक (ज्यांना आम्ही दादा म्हणतो), एक प्रोग्रामर, आणि शत्रूंची चित्रं काढणारी मी.

आमचा खेळ, म्हणजे व्हिडिओ गेम, एका मुंगसाचा आहे. ते फळ्यांवरून उड्या मारत पुढे जातं, आणि त्या फळ्यांच्या कडेकडेने, वरून, खालून, न थकता फिरत असतो तो झटक्या. निळ्या विजेचा गोळा, दोन टपोरे डोळे, मागे वायरीचं तुटकं शेपूट. अंगाला लागला की मुंगूस जागच्या जागी ताठ. चार भाग झाले, अठरा वर्षं झाली. मुंगसाचे कपडे बदलले, आवाज बदलला, झटक्या मात्र तोच. त्याला मारता येत नाही, फक्त चुकवता येतो. मुलं पत्रं लिहितात, ‘तुमचा झटक्या मला अजिबात आवडत नाही, पुढच्या भागात तो कुठे असणार आहे?’ मला स्वतःची दोन मुलं आहेत, पण खरं सांगते, लोकांकडून कौतुक येतं ते या तिसऱ्याचंच.

“बारा जणांना पाचवा भाग खेळायला दिला,” दादा म्हणाले. “अकरा जणांनी लिहिलंय, झटक्या अन्याय करतो. एका मुलीने तर ‘अन्याय’ शब्द तीनदा अधोरेखित केलाय.”

“अठरा वर्षं अन्याय नव्हता तो?”

“ते मला काय माहीत? त्याच्या जागी गडगडणारा दगड टाकू.”

“दगड!” मी म्हणाले. “दगडाला कोण पत्र लिहिणार, दादा?”

दादा मनाने चांगले आहेत, माझा आवाज चढला की त्यांचा उतरतो. “बुधवारी सकाळपर्यंत कारण शोधून दे,” ते म्हणाले. “नाही सापडलं, तर दगड.”

प्रोग्रामर खाली मान घालून बसला होता. त्याला आम्ही इस्त्री म्हणतो, कारण त्याच्या शर्टाला आणि त्याच्या कामाला कधी सुरकुती नसते. वर्षभरापूर्वी तो आला आणि अठरा वर्षांचा पसारा त्याने आवरून ठेवला. मी त्याच्याकडे बघितलं तर तो कानापर्यंत लाल झाला. मी मनात म्हटलं, या माणसाला दगड आवडलेला दिसतोय.

खेळ घेऊन मी घरी गेले आणि सासऱ्यांपुढे ठेवला. बाबा म्हणजे निवृत्त वायरमन, चाळीस वर्षं विजेशी खेळलेला माणूस. झटक्याला ते समव्यवसायी समजतात. चारही भाग त्यांनी खेळलेत, आणि खेळताना पायात रबरी चप्पल असतेच. “वीज आहे, सूनबाई, चेष्टा नको,” असं एकदा म्हणाले होते, आणि ते थट्टेत म्हणाले की खरंच, हे मला अजून कळलेलं नाही.

चप्पल घालून बाबा खुर्चीत बसले. पहिल्या फळीवर मेले. दुसऱ्यांदा मेले. नऊ वेळा मेले आणि यंत्र माझ्या हातात देऊन मोकळे झाले.

“हा आपला नव्हे,” ते म्हणाले.

“आपलाच आहे, बाबा. मीच काढलाय.”

“काढला असशील. पण आपला कोपऱ्यावर आला की डोळे मिटायचा. क्षणभर थांबायचा. तेवढ्यात उडी मारायची, हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. हा डोळेच मिटत नाही. चालू लाइनवर काम करायला लावतेस की काय मला?”

दादांना हवं होतं ते कारण मला सापडलं होतं, आणि ते मला सापडायला नको होतं.

झटक्या कोपऱ्यावर वळतो त्याची मला आठ चित्रं काढायची होती. अठरा वर्षांपूर्वी नोकरीचा पहिला महिना होता. मी एक, दोन, तीन, चार केलं आणि पुढच्या चित्रावर सरळ सहा घातला. सात चित्रं काढली, शेवटच्यावर आठ आकडा घातला आणि देऊन टाकली. पाच नंबरचं चित्र काढलंच नाही. खेळाला पाच सापडेना, म्हणून तो चारवरच थांबून राहायचा. आणि चारमध्ये मी झटक्याचे डोळे मिटलेले काढले होते. खेळ दुकानात गेल्यावर हे माझ्या लक्षात आलं. तोवर लोक त्या डोळे मिटण्यावर फिदा झाले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प बसले. नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे अठरा वर्षं सगळ्यांच्या चित्रांचे आकडे तपासत, नाकाने कांदे सोलत हिंडले.

आणि इस्त्रीने मला विचारलंही होतं! दोन महिन्यांपूर्वी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला होता, “मॅडम, झटक्याचं पाच नंबरचं चित्र दिसत नाहीये.” मी मान वर न करता म्हणाले होते, “माझे आकडे चुकत नसतात. नीट बघ.” बिचाऱ्याने नीट बघितलं, सगळे आकडे मुकाट्याने ओळीने लावून दिले, मिटलेले डोळे दिसायच्या आत झटक्या पुढे सरकू लागला, आणि त्याची ती डुलकी गेली. माझ्या लेकराला मीच मारत होते, आणि दोष दादांना देत होते.

मंगळवारचा अख्खा दिवस मी पळवाट शोधण्यात घालवला. ‘इथे थोडं थांबव’ एवढंच इस्त्रीला सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण त्याने ‘का?’ विचारलं असतं, कारण तो चांगला प्रोग्रामर आहे, आणि मग मला पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं. एका खोट्यावर अठरा वर्षं काढली होती, दुसरं पेलण्याइतकी मी आता तरुण नाही.

बुधवारी सकाळी मी दोघांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पहिला महिना, सहाचा आकडा, सगळं. इस्त्रीकडे वळून म्हणाले, “तू बरोबर होतास. मी तुझ्यावर खेकसले, ते चुकलं माझं.”

मग दादांच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं. ते हसू होतं. ते टेबलाला धरून हसले, खुर्चीत बसून हसले, “चारनंतर सहा! आणि आमचे आकडे तपासते!” असं म्हणून उठून पुन्हा हसले. शेवटी मलाही हसू फुटलं. इस्त्री तेवढा हसला नाही. तो वळून कामाला लागला, आणि दोन मिनिटांत पाचची जागा मोकळी करून दिली.

दुपारी दादांनी ‘अन्याय’वाल्या मुलीला पुन्हा बोलावलं. शाळेच्या गणवेशातच आली, कपाळावर आठी घेऊन. पहिल्यांदा मेली. दुसऱ्यांदाही मेली. तिसऱ्यांदा मात्र फळीच्या टोकाशी थांबली, आणि झटक्या वळायला आला, त्याने डोळे मिटले. मुंगूस त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेलं.

“मेल्या, झोपतोस काय!” ती किंचाळली, आणि इतक्या मोठ्याने हसली की खालून बुटांच्या दुकानदाराने हाक मारून काय झालं म्हणून विचारलं. ती पुढे दीड तास उठली नाही. जाताना तिच्या कागदावर एवढंच होतं: ‘हा अजून दोन ठिकाणी ठेवा.’

दादांनी तो कागद दोनदा वाचला. “दगड रद्द,” ते म्हणाले. मी खिडकीशी जाऊन डोळे पुसले. मला फार, फार बरं वाटलं.

इस्त्री माझ्या टेबलाशी आला. “मॅडम, पाचचं चित्र आता काढून देता, की जागा रिकामीच ठेवू?”

“रिकामीच ठेव.”

“मग तिथे सूचना लिहायला हवी. उद्या माझ्यासारखाच दुसरा कोणी येईल आणि नीट करून टाकेल.”

“लिही,” मी म्हणाले. “ही चूक आहे. कृपया दुरुस्त करू नये.”

त्याने ते लिहिलं आणि बोटं कळफलकावर तशीच धरून, जरा भीत भीत विचारलं, “खाली चूक कोणाची ते लिहू?”

“माझी,” मी म्हणाले. “पूर्ण नाव घाल. आडनावासकट.”