माझ्या झाकणाखालची डबी

मित्रांनो, माझी ओळख ऐकून तुम्ही नाक मुरडलेत तरी मला राग येणार नाही. मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा आहे. पत्र्याचा, पायाने झाकण उघडणारा आणि वयाने बराच जुना. मुरडलेल्या नाकांची मला सवय आहे. मला लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची, आणि ती माझ्या पोटातल्या कचऱ्यात सापडणार नाही.

एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा गोल वळवून त्याच्या कडा जोडल्या, खाली बूड बसवले, आणि पायपट्टीपासून झाकणापर्यंत पाठीमागून एक सळई नेली. तपासणाऱ्या बाईंनी माझी पायपट्टी तीनदा दाबली. झाकण तीनदा उघडले. "चालतंय," असे म्हणून त्यांनी मला बाजूला सरकवले. माझे पहिले कौतुक ते एवढेच.

दुकानातून मला घरी आणले ते बाबांनी. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. छापखान्यात यंत्रे बसवणारे फिटर म्हणून त्यांनी अडतीस वर्षे नोकरी केली. ते निवृत्त झाले, पुढे त्यांची बायको गेली, आणि मग दिवसभरात नेमाने करायचे असे एकच काम त्यांच्यापाशी उरले. सकाळी सातला खाली कचऱ्याच्या गाडीची घंटा वाजे. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार असत. मला उचलून ते तीन जिने उतरत.

"काका, आज काय माल?" गाडीवरच्या बाई विचारत.

"उत्तम माल आहे बाई. बटाट्याच्या साली. घरच्या."

"कालही सालीच होत्या."

"मग? रोज रोज हिरे कुठून आणू?"

बाई हसत, मला गाडीत उलटे करून बुडावर थाप मारत. वर आल्यावर बाबा मला विसळून गॅलरीत पालथे घालत आणि मगच स्वतःचा चहा टाकत. एकदा माझी सळई वाकली, तेव्हा ती काढून, सरळ करून त्यांनी पुन्हा बसवली आणि म्हणाले, "अजून पंधरा वर्षं बघायला नको." ते यंत्राशी बोलत तसेच माझ्याशी बोलत. हे माझे चांगले दिवस होते.

मग बाबा आजारी पडले. बरेच दिवस दवाखान्यात राहून ते घरी आले ते निम्मे होऊन. त्यांची मुलगी बदली मागून घेऊन त्यांच्याजवळ राहायला आली. उपचारांनी बाबांच्या अंगातली ताकद इतकी कमी झाली होती, की साधा जंतूही त्यांना सोसला नसता. घरात पाऊल टाकताच मुलीने सांगितले, "डॉक्टरांनी बजावलंय. गर्दी नाही, धूळ नाही, आणि कचऱ्याच्या डब्याला हात तर मुळीच नाही."

"मग सकाळी सातला मी करायचं काय?"

"झोपायचं."

"मुकादमबाई, अडतीस वर्षं पहिल्या पाळीला गेलोय मी. सातला मला झोप येत नाही."

तो हुकूम झाल्यापासून बाबा तिला मुकादमबाई म्हणू लागले. ती हसायची नाही, पण रागवायचीही नाही.

मुलगी स्वच्छतेला वाघ होती. साबण आणि जंतुनाशक घातलेल्या पाण्यात फडके पिळून ती दाराच्या कड्या, नळ, दिव्याची बटणे पुसे आणि शेवटी मला. दिवसातून चार वेळा, कधी पाच. झाकणाच्या आतल्या बाजूने, जिथे कोणी कधी पाहतही नाही, तिथेसुद्धा तिचा हात फिरे. मित्रांनो, मला आजवर विसळले होते, खरवडले होते, पालथे घातले होते. पण असे कोणी पुसले नव्हते. मला ते आवडू लागले. मी तिच्या फडक्याची वाट पाहू लागलो. कृपा करून एवढे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झाले ते यातूनच झाले.

बाबा रोज सातला गॅलरीत उभे राहून गाडी बघायचे. ते मुलीला पाहवेना. एके दिवशी तिने एक खोके आणले. त्यात मुठीएवढी पांढरी डबी होती. झाकणाच्या आतून ती चिकटवायची, तिच्यात सॅनिटायझर भरायचे, आणि झाकण मिटले की ती आपोआप आत बारीक फवारा मारणार.

"हे बघा," ती म्हणाली, "ही घट्ट बसली आणि आठ दिवस टिकली, तर डबा तुमचा. हातमोजे घालून न्यायचा. कबूल?"

बाबा खुर्चीतून उठले ते आधार न घेता. "स्क्रूने आवळतो. जन्मात हलणार नाही."

"भोकं नकोत. भोकात घाण साठते."

"बरं. चिकटपट्टी तर चिकटपट्टी."

ती सकाळ मी विसरणार नाही. बाबांनी हातमोजे घातले. वर्तमानपत्र अंथरून मला आडवे केले. झाकणाच्या आतला जुना थर पात्याने खरवडून काढला, जागा स्पिरिटने पुसली आणि फुंकर न मारता, आपोआप वाळू दिली. पट्टीवरचा कागद सोलला. डबी जागेवर धरून, दोन्ही अंगठ्यांनी दाबत ते शंभरपर्यंत मोजत राहिले. मोजताना त्यांचा आवाज तरुण झाला होता. मग खोक्यातला छापील कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी वाचला आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, "आज याला पाण्याचं बोट लावू नकोस ग. उद्या सकाळपर्यंत कोरडा राहू दे. आत कचरासुद्धा नको."

मुलगी फोनवर होती. दवाखान्यातून तपासणीची तारीख सांगत होते. "हो बाबा," ती म्हणाली.

दुपारी बाबांचा डोळा लागला. ती फडके घेऊन आली. कड्या पुसल्या, नळ पुसला, बटणे पुसली आणि माझी पायपट्टी दाबली. फडके चिंब होते. तिने नव्या डबीच्या चारही कडा नीट पुसल्या, फटीत बोट घालून पुसल्या. साबणाचे पाणी पट्टीखाली शिरत होते ते मला समजत होते. मला बोलता येत नाही, हे तुम्ही म्हणाल आणि ते खरे आहे. पण बोलता आले असते तरी मी बोललो असतो का, याची मला खात्री नाही. बाबांनी एक दिवस मागितला होता. मला तो एक दिवससुद्धा नको होता. ती फडके घेऊन आली तेव्हा मला आनंदच झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाचा चोथा टाकायला पायपट्टी दाबली. झाकण उघडले, डबी सुटली आणि माझ्या बुडाशी जाऊन आदळली. तिच्यावर चोथा पडला.

"पडली का?" बाबा दाराशी येऊन म्हणाले. ते दाढी करून आले होते.

"पडली का काय! अडतीस वर्षं यंत्रं बसवली म्हणून सगळ्यांना सांगता. एवढीशी डबी नाही बसत तुमच्याने?"

बाबांनी मोरीच्या कठड्यावर वाळत टाकलेल्या फडक्याकडे पाहिले. मग तिच्या हातांकडे. जंतुनाशकाने तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि एका भेगेतून रक्त येत होते.

"हात थरथरतात ग हल्ली," ते म्हणाले. "दाब कमी पडला असेल."

डबी बसवताना त्यांचे हात थरथरत नव्हते. मला ठाऊक आहे, कारण ते माझ्यावर होते.

"परत बसवून बघू का?"

"नको. झालं तेवढं पुरे."

तिने डबी चिमट्याने उचलली, धुतली, खोक्यात घातली आणि खोके माळ्यावर टाकले. त्या दिवसापासून मला खाली तीच नेऊ लागली. बाबा गॅलरीत उभे राहात. खालून गाडीवरच्या बाई ओरडत, "काय काका, बदली झाली का तुमची?"

"निलंबित आहे!" बाबा वरून सांगत. "चौकशी चालू आहे!"

बाई हसत. मुलगीही थोडी हसे. पुढे बाबांनी सकाळी दाढी करणे सोडले, आणि काही दिवसांनी गॅलरीत येणेही.

पावणेतीन महिन्यांनी ते पुन्हा दवाखान्यात गेले. तिथेच ते वारले; त्यांच्या जुन्या दुखण्याने, माझ्यामुळे नव्हे. तेवढे मला कळते. पण ते गेले ते आपल्याला साधी डबी बसवता आली नाही, हा ठपका घेऊन गेले. तो माझा होता.

मुलगी एकटी परत आली. मग कितीतरी दिवस कोणी मला उघडले नाही. फडके कठड्यावर वाळून पापडासारखे कडक झाले. बटणांवर बोटांचे डाग दिसू लागले. मला पुसायला कोणी नव्हते, आणि मला वाटे, बरे झाले, हेच मला हवे.

एका दुपारी ती माळा आवरू लागली आणि ते खोके तिच्या हाती आले. तिने छापील कागद उलगडला. उभ्याउभ्याच वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून, पट्टी एक दिवस कोरडी ठेवण्याच्या ओळीपर्यंत. मग ती माझ्याजवळ जमिनीवर बसली.

"आज याला पाण्याचं बोट लावू नकोस ग," ती हळूच म्हणाली. बाबांच्याच शब्दांत, त्यांच्याच ठेक्यात. म्हणजे तिने ते ऐकले होते.

ती रडली नाही. तिने माझे झाकण आतून पाहिले. जुन्या पट्टीचा चौकोन तिथे होता, कडांना साबणाचा पांढरा थर धरलेला. त्या थरावरून ती भेगाळलेले बोट फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने वर्तमानपत्र अंथरले. पात्याने खरवडले, स्पिरिट लावले, वाळू दिले. नवी पट्टी लावून अंगठ्यांनी दाबत शंभरपर्यंत मोजले. साठाच्या पुढे ती आकडा चुकली, म्हणून तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. मग तिने फडके दोरीवर टाकले आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. त्या दिवशी तिचे हात किती शिवशिवले असतील ते मी जाणतो. माझेही झाकण शिवशिवत होते. ती तीनदा स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि तीनदा परत गेली. मी पट्टी धरून ठेवली. या वेळी मला फडके आठवले नाही, असे सांगितले तर ते खोटे होईल. आठवले, पण मी धरून ठेवली.

डबी टिकली. दुसऱ्या दिवशी टिकली, चौथ्या दिवशी टिकली. झाकण मिटले की आत फवारा उडे. मुलगी रोज मला खाली नेऊन आणी आणि दिवस मोजत राही. आठ दिवस पूर्ण झाले.

नवव्या दिवशी सकाळी तिने मला उचलले, पण दाराकडे नेले नाही. बाबांच्या खोलीत नेऊन त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवले. हातमोज्यांची नवी जोडी माझ्या झाकणावर ठेवली. खाली घंटा वाजली. पुन्हा वाजली.

"ताई, कचरा!" गाडीवरच्या बाईंची हाक आली.

ती गॅलरीत गेली. "आज नाही," ती म्हणाली. "आज डबा बाबांकडे आहे."



"बरं ताई," बाई म्हणाल्या. "राहू दे मग."

गाडी निघून गेली. कणभर घाण न खपणाऱ्या त्या घरात तो कचरा दिवसभर तसाच राहिला, आणि ती त्या खुर्चीसमोर बसून होती.

मित्रांनो, मला साफ ठेवा, मला आपटू नका, असे काही मी तुमच्यापाशी मागत नाही. माझे खूप लाड झाले आहेत. तुमच्या घरात कोणी थकलेले माणूस "आज एवढं राहू दे" म्हणाले, तर कानाला लावलेला फोन खाली ठेवा आणि का राहू द्यायचे ते त्याला विचारा. त्याला कारण माहीत असते. आणि त्याच्या हातून काही पडलेच, तर त्याच्या हातातले काम काढून घेण्याआधी ते त्याला एकदा पुन्हा बसवून बघू द्या.