बाराचा भोंगा

डोणगावात कापसाची जिनिंग गिरणी नव्हती, त्यामुळे भोंगाही नव्हता. तरी दुपारचे बारा वाजले की इंद्रभानच्या कानात भोंगा वाजायला लागायचा. खरेदी-विक्री संघाच्या कचेरीत तो हेडक्लार्क. समोर बसलेल्या शेतकऱ्याचं तोंड हलताना दिसायचं, पण बोलणं पोचायचं नाही. मग तो टाक खाली ठेवून उठायचा, मागच्या दारानं निघून थेट विहिरीपर्यंत चालत जायचा. परत येईस्तोवर कानात सामसूम झालेली असे. भोंगा थांबताना त्यानं दोन वर्षांत एकदाही ऐकला नव्हता.

सहासष्टच्या श्रावणात आयकर खात्याचा लिफाफा आला. चौसष्ट-पासष्ट सालचा कर, एकशे सदतीस रुपये, महिन्याच्या आत भरावा. खाली पगाराच्या दोन रकमा. सत्तावीसशे संघाच्या. वरच्या ओळीत चोवीसशे, आणि पुढं खामगावच्या त्या जिनिंगचं नाव.

ते नाव इंद्रभाननं दोन वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. संघात लागताना फॉर्मवर ‘पूर्वीची नोकरी’ असा रकाना होता. त्यात त्यानं आडवी रेघ मारली होती.

लिफाफा घेऊन तो भगवंतरावांकडे गेला. भगवंतराव संघाचे म्हातारे हिशेबनीस, आणि सणासुदीला कीर्तनकाराच्या मागं पेटी धरणारे.

“सरकारची चूक झाली असंन,” इंद्रभान म्हणाला. “तिथं कर कापला नाही, इथं कापला नाही. म्हंजे लागतच नव्हता ना?”

भगवंतरावांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी धरला. “तिथं कर कवा कापत?”

“मार्चच्या पगारातून. सालभराचा एकदम.”

“अन् मार्चात तू कुठं होता? इथं. त्याहीनं कोणाचा कापावा? संघानं आपले सहा महिने पाह्यले, सत्तावीसशे. ते माफीत बसतात. मांगची कमाई तू सांगतलीच नाही, तं संघाले सपन पडनार हाय का?” कागद मांडीवर ठेवून त्यांनी बोटांनी पेटीचा भाता हलवल्यासारखं केलं. “हे पाय, इंद्रभान. पूर्वरंग एका देवळात केला, उत्तररंग दुसऱ्या देवळात, म्हनून दोन कीर्तनं होत नाहीत. बुवा तोच, कीर्तन एकच. सालही तसंच. माफी एका सालाले एकदाच. सरकारनं दोनी रंग एका जागी ठेवले, बस.”

इंद्रभाननं कागद उचलून लिफाफ्यात घातला.

“मांगच्या नोकरीचा पगाराचा दाखला आन. उत्तरासोबत जोडावा लागते. अन् संघातला तो रकाना आपल्या हातानं भरून टाक. अध्यक्षाले मी सांगतो.” मग ते जरा हळू बोलले. “काऊन लपवलं बे? चोरी केली का काही?”

“नाही.”

“मंग जा. पैशाची काळजी नोको करू, हप्त्यानं भरता येते.”

पैशाची काळजी कोणाला होती! खामगावला जायचं म्हणजे त्या फाटकातून आत जायचं होतं.

चौसष्टची रामनवमी. जिनिंगमध्ये शेवटचा कापूस चालू होता. सकाळी इंजिनघरातला पुंजाजी हात पुसत, तेव्हा तिथं क्लार्क असलेल्या इंद्रभानच्या टेबलापाशी आला. “बाबूजी, दोन घंट्याची सुट्टी द्या ना. रामजन्माचं कीर्तन ऐकून येतो.” कीर्तनाचं वेड दोघांनाही सारखंच. पण दोघं गेले तर इंजिन कोण पाहणार? इंद्रभान हसत म्हणाला होता, “तू थांब. तुह्यासाठी सुंठवडा आनतो मी, घरी पोचता करतो.” पुंजाजीही हसला होता.

पूर्वरंग संपला. बुवांनी उत्तररंगात रामजन्माचं आख्यान लावलं, पाळण्याची दोरी हातात घेतली, आणि नेमका तेव्हा भोंगा वाजला. बाराचा भोंगा! लोकांना केवढा आनंद झाला. वेळ कशी साधली म्हणून गुलाल उधळला, जयजयकार झाला. इंद्रभाननंही दोन्ही मुठींनी फुलं उधळली.

भोंगा थांबला नाही.

जयजयकार हळूहळू विरत गेला आणि तो वाजतच राहिला. कोणीतरी ओरडलं, “जिनिंग पेटली!” इंद्रभान पोचला तेव्हा इंजिनघराचं छत खाली आलं होतं. आतले चौदा जण भोंगा ऐकून बाहेर पळाले होते. भोंग्याची दोरी ओढणारा पुंजाजी आत राहिला.

दसऱ्याच्या आधी इंद्रभाननं खामगाव सोडलं. त्यानंतर तो कीर्तनाला बसला नाही.

आता दोन वर्षांनी तो फाटकाशी उभा होता. दाखला अर्ध्या तासात मिळाला, नव्या क्लार्कनं मान वर करूनही पाहिलं नाही. निघताना इंद्रभाननं चौकीदाराला विचारलं, “बारा वाजाले आले. भोंगा वाजंन आता?”

“भोंगा?” चौकीदारानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. “तो तं आगीतच गेला जी. आता घंटी वाजोतो आमी.”

पुंजाजीचं घर मागच्या गल्लीत. त्याची बायको सोजराबाई ओट्यावर ज्वारी निवडत होती. इंद्रभानला पाहून तिनं पदर सावरला, सूप जरा सरकवून जागा केली.

“या बाबूजी.”

बसायच्या आधीच तो बोलून गेला. “पुंजाजीनं सुट्टी मागतली होती. मी देली नाही. मी गेलो कीर्तनाले.”

“मले माहीत हाय. न्याहारी घेऊन गेलती म्या, तवा सांगतलं त्याहीनं. म्हने, बाबूजी सुंठवडा आनून देनार हायेत.” तिनं एक खडा निवडून दूर टाकला. “दोन सालं झाले. म्या म्हनो, काऊन आले नसतीन?”

रिकामे हात कुठं ठेवावेत हे इंद्रभानला कळेना. इतक्यात लांबून तो आवाज सुरू झाला. त्याचे पाय सवयीनं वळले.

सोजराबाईची बोटं ज्वारीत थांबली होती. मान जिनिंगच्या दिशेला वळली होती.

“तुमाले बी येते का ऐकू?” तिनं विचारलं.

इंद्रभाननं होकारार्थी मान हलवली.

“मंग पळू नोका. मी रोज पुरा ऐकतो. त्याहीले अर्ध्यात सोडून कसं उठाव?”

तो ओट्यावर टेकला. आवाज भिंतीतून, पायरीतून, छातीतून गेला. गल्लीत एक कुत्रं निवांत झोपलेलं होतं, त्याचा कानही हलला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग आवाज बारीक झाला, दम लागल्यासारखा तुटला, आणि थांबला.

सोजराबाईनं डोळे पुसले. “एक सांगा बाबूजी. त्या दिशी जन्म झाला का हो? का लोकं तसेच पळाले, पाळना हालोल्याबिगर?”

इंद्रभानला आठवलं. दोरी बुवांच्या हातात होती. गुलाल हवेत होता.

“झाला,” तो म्हणाला. “भोंगा वाजला तवाच झाला. पुंजाजीच्या हातानं झाला.”

आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. इंद्रभाननं पिशवीतून भगवंतरावांनी काढून दिलेला संघाचा फॉर्म काढला, मांडीवर सरळ केला, आणि त्या आडव्या रेघेच्या वर जिनिंगचं नाव लिहायला घेतलं.

“सुंठवडा रामनवमीले आना,” सोजराबाई म्हणाली. “अन् त्या दिशी कीर्तनाले मले बी घेऊन चाला.”