छकुलीचा ठसका

छकुलीला पुण्याची हवा बाधली. घरासमोर पुलाचं काम, त्याखाली दिवसभर तुंबलेल्या गाड्या, आणि पाच वर्षांच्या पोरीची छाती सुईसुई वाजायची. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत न्या. म्हणून तिची आई पूनम तिला घेऊन देऊळघाटला माहेरी आली. महिनाभर पोरीला दम लागला नाही, तर तिला आजीजवळच ठेवायचं आणि इथल्याच शाळेत घालायचं, असं ठरलं.

शालूबाईला आणखी काय हवं होतं? तिनं नातीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. कापूस वेचून झाला की शिवारात उरलेल्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, ही गावाची जुनी खोड. तिनं नवऱ्याला काडी लावू दिली नाही. शेजारच्या इंद्रभानच्या बांधावर जाऊन हात जोडले.

"नात आली माही. यंदा धूर नको करू, बापा."

इंद्रभाननं ऐकलं. पोरगी अंगणभर धावू लागली.

मग एक दिवस गल्लीतल्या अन्नपूर्णाबाई ओसरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "पोरगी तं गुटगुटीत झाली वं." झालं! पोरीला नजर लागली, हे शालूबाईनं धरूनच टाकलं. पूनम दळणाला गेल्याबरोबर तिनं छकुलीला चुलीपुढे बसवलं, मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. मिरची जळूनही ठसका लागला नाही तर दृष्ट भारी, हे शालूबाईला कोणी शिकवायला नको होतं. ती नातीच्या तोंडाकडे बघत राहिली.

छकुली खोकली. शालूबाईचा जीव भांड्यात पडला.

"खोक माह्या बाई, खोक. काहीच नजर नाही तुले."

पोरगी खोकतच राहिली. ओठ निळे पडले तेव्हा कुठे म्हातारीच्या हातातली फुंकणी गळून पडली.

बुलढाण्याच्या दवाखान्यात छकुलीच्या तोंडाला नळी लावली होती. धूर कुठून आला, असं डॉक्टरांनी विचारलं.

"इंद्रभानकाकानं पेटवलं असंल," पूनम म्हणाली.

"त्याले बोल नको लावू," शालूबाई म्हणाली. "म्या केला धूर. नजर काढली."

पोरगी सावरल्यावर पूनमनं पिशव्या भरल्या.

"तिकडची हवा तं याहून खराब हाये, पूनम."

"माहीत हाये, माय. पण तिथं दवाखाना दाराशी हाये."

एसटी लागली. मुका घ्यायला शालूबाई वाकली. छकुलीनं घाईघाईनं छातीत हवा भरून घेतली आणि दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं.