क्लिफची हाक

"आजही नाही?" पाण्यातून डोकं वर काढताच हेझल ओरडली. "क्लिफ, झोपलात काय?"

काठावर उभे असलेले तिचे प्रशिक्षक क्लिफ प्लॅट चहाचा घोट घेत म्हणाले, "शनिवारी निवड स्पर्धा आहे, पोरी. तिथे कोण हाक देणारे तुला?"

उत्तर बरोबर होतं, म्हणूनच तिला ते पटलं नाही.

इंग्लंडमधल्या हल शहरातल्या या तलावावर वीस वर्षं असंच चालत आलं होतं. दहा मीटर उंच फळीवरून कोलांट्या घेत ती खाली येई, नेमक्या क्षणी क्लिफ "आता!" ओरडत आणि ती अंग ताणून पाण्यात शिरे. सोमवारपासून ती हाक बंद झाली होती. फक्त तिची. सोळा वर्षांच्या इमोजनसाठी ते अजून घसा फोडत होते. संघात जागा एकच होती आणि हेझल एकोणतीस वर्षांची होती. उंचावरून पाण्याची पातळी कळावी म्हणून त्यावर तुषार उडवणारा पाइप असे; मंगळवारी त्यांनी तोही बंद केला, म्हणजे तिला पाणी नीट दिसायला नको. बुधवारी स्पर्धेसाठी द्यायची तिच्या उड्यांची यादी तिला न दाखवताच खिशात घातली. सोप्या उड्या लिहून मला मागे पाडणार, हे तिने ताडलं.

"म्हातारा फिरलाय," शिडीपाशी ती इमोजनला म्हणाली.

"मग मला कशाला सांगतेस? तुझी जागा चोरणारी मीच तर ना!" इमोजन हसली.

एक गोष्ट मात्र हेझलने कुणालाच सांगितली नव्हती. डाव्या डोळ्यात काळे ठिपके तरंगत होते आणि आता कोपऱ्यातून सावली आत सरकत होती. हाक असली की डोळ्यावाचून तिचं अडत नसे.

तिने पुन्हा उडी घेतली. हाक आली नाही. पाणी कधी आलं ते कळलंच नाही. ती सपकन पाठीवर आपटली.

"मुद्दाम केलंत!" काठावर येत ती किंचाळली.

"हो."

आवाज डावीकडून, अगदी जवळून आला. ती दचकली. तिचं अंग पुसायचं ओलसर फडकं पुढे करून क्लिफ उभे होते.

"कधीचा धरून उभा आहे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "वाटलं होतं, हाक बंद केली की डोळ्याचं आपणहून सांगशील. एवढं आपटायला नको होतंस. किती दिवस झाले?"

"सहा आठवडे."

"आणि डॉक्टर?"

"निवड झाल्यावर."

क्लिफनी खिशातून यादी काढली. "पाचपर्यंत द्यायची आहे. सही तुझी लागते."

मान वळवून तिने उजव्या डोळ्याने एकेक ओळ तपासली. पाचही उड्या तिच्याच होत्या, सगळ्यात अवघड. एकही सोपी केलेली नव्हती.

क्लिफनी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. कागदाची नीट घडी घातली, त्यांच्या हातातलं ओलं फडकं घेऊन त्यात ती गुंडाळली आणि दोन्ही हातांनी पिळली. शाईचं निळसर पाणी तिच्या पावलांवर ठिबकत राहिलं.