कापसाचा बोळा

"माई, थोडा कापूस देता का?" उघड्या कॉम्प्युटरमध्ये टॉर्च धरून वाकलेल्या अनुजने निमेशच्या आईला विचारले.

निमेश त्याच्या मागे हाताची घडी घालून उभा होता. कापूस कशाला लागतो ह्याला? आणि बसलाय तोही असा, की पाठीशिवाय काही दिसू नये. मुद्दामच बसला असणार.

आता निमेशचा स्वभावच संशयी, त्याला तो तरी काय करणार. बोईसरच्या एका केमिकल कंपनीत दिवसभर प्रेशरचे आणि तापमानाचे मीटर तपासायचे, हे त्याचे काम. मीटर खोटे बोलतो असे धरूनच तो पगार घेत असे. घरातही तेच. धाकट्या बहिणीने, रिद्धीने, भात झाला म्हटले तरी हा शीत दाबून बघणार आणि वर म्हणणार, "पडताळून घेतलेलं बरं." सातपाटी गावात त्याला पाठीमागे काय म्हणत, ते न सांगितलेलेच बरे.

सुट्टीच्या दिवशी तो लग्नांचे व्हिडिओ जोडून द्यायचा. मशीन हळू पडे म्हणून त्याने प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला होता. त्यासाठी व्होल्टेज जरा चढवून द्यावा लागतो. गणपतीपासून सगळे सुरळीत होते. दसऱ्यानंतर आकडे बहकले. ठरवून दिला होता एक पूर्णांक तीन दशांश व्होल्ट. पडद्यावर कधी दीड दिसे, कधी एकच्याही खाली, आणि मशीन धाडकन बंद पडे. मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन बघितले, तर तिथे वेगळाच आकडा. कंपनीतला मल्टिमीटर आणून टोके टेकवली, तर तो आणखी तिसरेच सांगे. वेग पुन्हा पहिल्यासारखा केला तरी आकडे नाचतच राहिले. मग संशय घ्यायला उरला तो सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, आणि हा बोर्ड दिला होता अनुजने.

अनुज शेजारच्या मुरबे गावचा, निमेशसारखाच कोळ्याचा मुलगा, निमेशचा शाळेपासूनचा मित्र. बोईसरला त्याचे कॉम्प्युटरचे दुकान होते. तुळशीच्या लग्नानंतर त्याचा आणि रिद्धीचा साखरपुडा ठरला होता. सोयरीक व्हायच्या आधीच ह्याने आपल्या गळ्यात जुना बोर्ड मारला की काय, ह्या विचाराने निमेशला अन्न गोड लागत नव्हते.

माईने कापूस दिला. अनुजने आत काहीतरी पुसले आणि बोळा खिशात टाकला.

"काय होतं?" निमेशने विचारले.

"काय नाय. धूळ."

"बघू."

अनुजने झाकण लावून टाकले. "बोर्ड गेलाय रे. नवा देतो मी. तू काय देऊ नको."

निमेशच्या मनातली पाल मोठ्याने चुकचुकली. खरा माणूस वाद घालतो, तुझ्याच हातून बिघडला म्हणतो. हा एका शब्दात कबूल. कुठेतरी पाणी मुरत होते.

"जुना बोर्ड होता ना? काय पुसलंस, शिक्का?"

अनुजने स्वयंपाकघराकडे पाहिले. तिथे माई सुकट निवडत होती. मग तो हळूच म्हणाला, "तसं समज."

निमेशचे डोके फिरले. "दोस्ताला फसवणारा माझ्या बहिणीला काय सांभाळणार? साखरपुडा विसर तू."

चहाचे कप घेऊन रिद्धी दारातच थबकली. अनुजने तिच्याकडे पाहिले, चपला घातल्या आणि ओटीवर आलेल्या माईशी दोन शब्द बोलून निघून गेला. दुसऱ्याच दिवशी निमेशने मुरब्याला माणूस धाडून सोयरीक मोडल्याचे कळवले. रिद्धी रडली, माईने समजावले. पण ऐकेल तो निमेश कसला.

रविवारी त्याने बोर्ड उतरवायला घेतला. सोयरीक जुळवणाऱ्या अनुजच्या मामासमोर पुरावा म्हणून आपटायचा होता. त्याने प्रोसेसरवरचा मोठा पंखा उचलला आणि त्याचा हात तिथेच राहिला. अनुजचा कापूस पंख्याखाली पोचला नव्हता. तिथे लालपिवळा चिकट थर वाळला होता, पंख्याखालच्या तांब्याच्या पट्टीला हिरवट डाग पडले होते, आणि एका कोपऱ्यात तांदळाचा दाणा अडकला होता.

"माई, ह्यात कुंकू कसं?"

"खंडेनवमीची पूजा केली ना. तू ड्यूटीवर होता," माई ओटीवरून म्हणाली. "बटण बंद हाय ते बघितलं हां मी. तुझ्या बाबाच्या इंजिनाला करायचो तशीच केली. झाकण काढून हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वरून नारळाचं पाणी शिंपडलं."

"झाकण कशाला काढलंस?"

"इंजिनाची पूजा कोण बाहेरून करतं? बोट विकली आपण. आता घरात मशीन म्हणून हीच." माईचा चेहरा उजळला. "अनुजला आवडली. जाताना बोलला, माई, आमच्या मुरब्यालापण अशीच करतात."

अनुजने कापसाने काय पुसले होते, ते निमेशला आता कळले. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. दारात रिद्धी उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"झालं पडताळून?" तिने विचारले आणि आत गेली.

तो तसाच बोईसरला गेला. दुकानात नव्या बोर्डचा खोका फळीवर तयार होता. अनुजने आधी हेच विचारले, "माईंना सांगितलंस?"

"नाय."

"सांगू नको. परत कशाला हात लावायच्या नाय त्या."

"माझं चुकलं, अनुज. मी मुरब्याला येतो, मामांच्या पाया पडतो."

अनुज खोक्यावरची धूळ पुसत राहिला. "मामाने डहाणूच्या एका मुलीसाठी शब्द दिलाय. तुझा माणूस आला तेव्हा घरात पाहुणे होते, निमेश. आईला ते सहन नाय झालं. रिद्धीला मी फोन करून सांगितलंय." त्याने खोका पुढे सरकवला. "हा घेऊन जा."

संध्याकाळी मशीन सुरू झाली. आकडा जिथे ठेवला तिथे राहिला. माई ताम्हन घेऊन उंबऱ्यात आली होती.

"नव्याची पूजा करू ना?"

निमेशने झाकण लावले, चारही स्क्रू आवळले. "कर, माई. पण बाहेरूनच. ह्या नव्या मशीनला बाहेरूनच पोचते."

"खरं?"

"पडताळून घेतलंय मी."

माईने झाकणावर कुंकवाचे बोट टेकवले, अक्षता वाहिल्या आणि हाक मारली, "रिद्धी, ये गं, पाया पड."

आत भांडी घासल्याचा आवाज चालूच राहिला. माईने पुन्हा हाक मारली नाही. निमेश एकटाच हात जोडून उभा राहिला.