तिला थांबवा

सकाळी आल्याआल्याच साहेबांनी बोलावलं. साहेब वर्दीतले, मी साधा नागरी नोकर. लष्कराच्या संगणकांत कोणी चोरून शिरत नाही ना, यावर आमचा विभाग लक्ष ठेवतो. नव्या मुलांना ते काम मी शिकवतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात.

"मास्तर, ती पोरगी राजीनामा देतेय. तिला थांबवा. ती गेली तर काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल, आणि तुम्ही घरी."

"पगार वाढवा की तिचा."

"ते माझ्या हातात असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

आमच्याकडे हे नेहमीचंच. माणूस तयार झाला की खाजगी कंपनी उचलते. माझी बायको म्हणायची, "तुमचं म्हणजे कोंबडीनं बदकाची पिल्लं उबवल्यासारखं. पाणी दिसलं की गेली!" तिला जाऊन आता वर्ष होईल. तेव्हापासून मी सुट्टीच्या दिवशीही कामावर येतो. घरात बसवत नाही.

ही पोरगी मात्र फार हुशार. रजेवर गेलेल्या कारकुनाच्या नावानं कोणीतरी आत फिरतंय, हे यंत्राच्या आधी तिनं हेरलं होतं.

विभागात मोबाईल नेता येत नाही. दाराबाहेर लहान लोखंडी कपाटं आहेत, तिथं तो कुलपात ठेवायचा. तिथंच ती भेटली.

"साहेबांनी पाठवलं ना? करा सुरू. देशसेवा, पेन्शन..."

"पेन्शनपासून करतो. देशसेवा साहेबांनी उरकली असेल."

ती हसली. मग म्हणाली, "आईचं ऑपरेशन झालंय, मास्तर. घरी एकटीच असते. नव्या कंपनीत घरून काम करता येईल." हातातला फोन तिनं अजून ठेवला नव्हता. "एक विचारू? काकू गेल्या ते तुम्हाला कधी कळलं?"

लगेच निरोप आला, असं म्हणता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता.

"संध्याकाळी," मी म्हणालो. "त्या दिवशी कोणीतरी आत शिरायला बघत होतं, आम्ही दार लावून बसलो होतो. बाहेर आलो तर फोनवर शेजारणीचे कॉल, मुलाचे कॉल. सगळ्यांच्या आधी तिचा."

तिनं विचारलं, "साहेबांना काय सांगाल?"

"समजावलं म्हणून सांगतो."

"पण तुम्ही कुठं समजावलंत?"

"तू जा गं," मी म्हणालो. "आईकडे जा."

दुपारी साहेबांना सांगितलं, ती थांबत नाही. त्यांनी तिच्या राजीनाम्यावर सही केली. मग म्हणाले, "कंपनीची माणसं शिकूनच येतात म्हणे. महिनाअखेरीस तुम्हालाही मोकळं करतो. जरा आराम करा आता."

मी बरं म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो. पडद्यावर ओळी सरकत होत्या. काम सुटायची वेळ झाली, शेजारचे उठले. मी तसाच बसून होतो.