अस्तर उसवलं त्या दुपारी

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. मूळचा गडद निळा, पण धुऊन धुऊन आता पहाटेच्या आभाळासारखा झालोय. माझं पोट फुगलेलं दिसलं, तर तो दर वेळी वाराच असेल असं नाही. या घरातली मुलगी माझ्यामागे लपते आणि तिची पावलं खाली दिसतच असतात.

ती जन्मायच्या आधी तिच्या बाबांच्या आत्यांनी मला शिवलं. आतून जाड काळं अस्तर लावलं आणि ते लोंबू नये म्हणून आडव्या टिपा मारल्या. "सूर्यानं कितीही नाक घासलं, तरी बाळाची झोप मोडायची नाही," असं त्या सगळ्यांना सांगत. घरभर माझं कौतुक झालं.

बाळ आलं आणि मी दिवसरात्र ओढलेला राहू लागलो. मधे फट राहू नये म्हणून मला कपड्यांचे चिमटे लावले. सगळे चवड्यांवर चालत, कुजबुजत बोलत. खोलीत दुधाचा नि ओल्या दुपट्यांचा वास कोंडून राही. माझ्या पाठीवर ऊन पडे, झाडाची फांदी काचेला हात लावून जाई, आणि पोटाशी मात्र अंधार.

बाळाला दिवस कुठला नि रात्र कुठली ते कळेना. तिच्या आईलाही कळेना. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. ताट निवून जाई, केस तसेच. बाळ मांडीवर दिलं तर घेई, पण त्याच्याकडे बघत नसे. पूर्वी ती काम करताना गुणगुणायची म्हणे. मी ते कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या. औषधं दिली, आणि सकाळचं ऊन, मोकळी हवा, डोळ्यांना थोडं हिरवं मिळू द्या, असं सांगून गेल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. चिमटे मात्र कोणी काढले नाहीत. आत्यांनी एवढ्या मायेनं शिवलाय, उघडायला सांगितलं तर त्यांना काय वाटेल, असं आईच्या मनात. सुनेला अंधारच बरा वाटतोय, आपण कशाला मधे पडा, असं आत्यांच्या मनात. त्या दोन मायांच्या मधे मी आपला लटकत होतो.

मग एका सकाळी बाळाच्या झबल्याचा बंद तुटला. आत्या सुई घेऊन पलंगाशी बसल्या. दोरा ओठांत ओला करून पुनःपुन्हा ओवू लागल्या, पण तो सुईच्या शेजारूनच जाई.

"काय गं, पडदा जरासा सरकवू?" त्या शेवटी म्हणाल्या. "सुई ओवली की लगेच लावते."

आईनं भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं.

"लावू नका, आत्या. तुम्ही हौसेनं शिवलात, म्हणून मी बोलले नाही."

आत्यांचा हात थांबला. "आणि मी रोज अंधारात ठेचकाळतेय, तुला आवडतं म्हणून. धन्य आहे आपली दोघींची."

चिमटे निघाले. कड्या दांडीवरून सरसर सरकल्या. भिंतीवर, चादरीवर, बाळाच्या कपाळावर पानांच्या सावल्या हलू लागल्या. बाळानं मूठ उघडून एक सावली धरली. ती निसटली, तशी पुन्हा धरली. आई बघत राहिली.

मित्रांनो, एका सकाळीत कोणी बरं होत नाही. औषधं चालू राहिली, रडणंही. पण पलंग खिडकीशी आला. कोपऱ्यात पानांची कुंडी आली. चिमटे निघाले त्याच दुपारी आत्यांनी मला मांडीवर घेऊन अस्तर उसवलं. शिवण त्यांची, उसवणाऱ्याही त्याच. पण तोंडानं थट्टा चालली होती की जन्मभर शिवलं, आता हा उलटा धंदा. मला पुन्हा टांगलं आणि पहिल्यांदा वारा माझ्यातून आरपार गेला. कापूस असताना मी असाच हललो असेन, असं उगीच वाटलं.

अस्तराची खिडकीतल्या बैठकीला गादी झाली. तिच्यावर बसून आई बाळाला पाजू लागली. कितीतरी दिवसांनी, एका संध्याकाळी, खोलीत बारीकसा सूर ऐकू आला. मला आधी वाराच वाटला.

आता मी विरलोय. नव्या पडद्याची बोलणी चालू आहेत, चालू देत. टिपांची बारीक भोकं माझ्यात अजून आहेत. सकाळी त्यांतून ऊन ओळीनं भिंतीवर उतरतं. मुलगी त्यांना दिवसाच्या चांदण्या म्हणते.

तुमच्या घरातही कुणीतरी भिंतीकडे तोंड करून निजलं असेल. त्याला अंधारच आवडतो, असं आपलं आपण ठरवू नका. जवळ बसा आणि विचारा, "उघडू का?"